गाडेकर सरांनी राखलेलं गवत

गाडेकर सरांवर काहीतरी लिहा, असं मला आजवर अनेकांनी सांगितलं. दरवेळी मी तब्येत पुढे केली. एकदा तर डोळ्यांच्या ऑपरेशनचं कारण दिलं. ऑपरेशन झालं होतं हे खरं, पण ते आदल्या वर्षी. गाडेकरांवर लिहायचं म्हणजे टेकडीवर लिहावं लागणार, आणि टेकडीवर लिहायचं म्हणजे मी काय केलं ते लिहावं लागणार, म्हणून मी टाळत आलो.

मागच्या पावसाळ्यात ते वारले. कॉलेजात शोकसभा झाली. माजी प्राचार्य म्हणून मला व्यासपीठावर बसवलं होतं. सविता बोलायला उभी राहिली. ती एके काळची त्यांची विद्यार्थिनी, आता त्याच कॉलेजात भूगोल शिकवते. ती म्हणाली, "सरांनी आम्हाला गवत राखायला शिकवलं. त्यांच्या हातून एकच गोष्ट चुकीची झाली. कमिटी येणार म्हणून त्यांनी टेकडीवर जेसीबी फिरवू दिला. तेव्हा आम्ही खूप रागावलो होतो. आज सगळ्यांच्या वतीनं सांगते, सर, आमच्या मनात आता काही नाही."

समोरच्या माणसांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

जेसीबी गाडेकरांनी फिरवू दिला नव्हता. तो मी बोलावला होता. गाडेकरांची त्याला संमती आहे, असं मुलांना मी सांगितलं, आणि ते खोटं होतं. एवढं आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे हात अडखळायला नको.

आमचं कॉलेज भोकरदन तालुक्यातलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भानुदास गाडेकर तिथे वाणिज्य शिकवायचे. बुटके, रुंद, आवाज मोठा. त्यांच्याजवळ बाराही महिने छत्री असे, पण ती उघडलेली मी क्वचितच पाहिली. ती मानेमागून आडवी खांद्यांवर टाकायची, तिच्यावर दोन्ही हात लटकवायचे आणि चालायचं. मेंढरांमागे चालणारी माणसं काठीवर हात टाकून चालतात, अगदी तसं. त्यांच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरंच होती. वडिलांनी पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला जमीन केली, आणि गाडेकर शिकले. हिशेबशास्त्राचे तास ते अगदी नीट टाय लावून घेत आणि तास संपला की टाय खिशात कोंबून ही अशी छत्री घेऊन आवारात फिरत.

मुलं त्यांना बटण सर म्हणत. रिकाम्या वर्गात पंखा फिरताना दिसला की ते आत जाऊन तो बंद करत आणि बाहेर उभ्या असलेल्या कोणालाही विचारत, "आत कोण बसलंय? बाकाला गरम होऊन राह्यलं का?" एकदा माझ्या केबिनमध्येही त्यांनी हे केलं. मी आत होतो, पण टेबलाखाली वाकून पेनाचं टोपण शोधत होतो. दिवा गेला, पंखा थांबला. मी वर आलो तर गाडेकर दारात. ते जराही ओशाळले नाहीत. "दिसायला पाह्यजे ना सर माणूस," म्हणाले आणि बटण परत लावून निघून गेले.

कूलरची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. एका उन्हाळ्यात कॉलेजला टँकरने पाणी येत होतं. मुलं नळापाशी रांग लावत, आणि स्टाफरूममधला मोठा कूलर दिवसभर पाणी पीत असे. त्यात पाणी ओतायचं काम शिपायाचं. गाडेकरांनी ना भाषण केलं, ना मला अर्ज दिला. त्यांनी शिपायाला जवळ बसवून घेतलं, चहा पाजला, आणि बादली स्टाफरूमच्या मध्यभागी ठेवली. "ज्याला वारा पाह्यजे त्यानं टाकीवरून पाणी आणायचं. मी पहिली आणतो." पहिली बादली त्यांनी खरंच आणली. दुसरी इंग्रजीच्या प्राध्यापकांनी आणली, वाटेत निम्मी बुटात सांडली. तिसऱ्या बादलीच्या वेळेला सगळ्यांना एकदम लिंबाखाली बरं वाटायला लागलं. आठवडाभरात स्टाफरूमच्या खुर्च्या झाडाखाली आल्या आणि कूलर फक्त दुपारच्या भर उन्हात चालू लागला. शिव्या सगळ्यांनी दिल्या, मीही दिल्या. पण मुलांच्या नळाची रांग कमी झाली होती.

पर्यावरण समिती त्यांच्याकडे आली ती कागदावर नाव हवं होतं म्हणून. अशा समितीचं काम ठरलेलं होतं. जुलैत पाहुणे बोलवायचे, त्याच जुन्या खड्ड्यांत झाडं लावायची, फोटो काढायचा. गाडेकरांनी पहिल्याच वर्षी पाहुण्यांसमोर खड्ड्याकडे बोट दाखवून म्हटलं, "साहेब, जरा जपून. हा खड्डा नोकरीत माझ्यापेक्षा सिनियर आहे." पाहुणे हसले. आमच्या संस्थेचे सचिव हसले नाहीत.

कॉलेजच्या मागे आमच्याच मालकीची एक टेकडी आहे. तेव्हा ती नुसती मुरमाड होती, उघडी, पावसात वरून लाल पाणी धावत येऊन मागच्या वर्गात शिरायचं. पुढच्या स्टाफ मीटिंगमध्ये गाडेकर उठले आणि म्हणाले, "टेकडी मला द्या. तिथं आपण काहीच करायचं न्हाई."

"काहीच म्हणजे?" मी विचारलं.

"झाड लावायचं न्हाई, खड्डा खांदायचा न्हाई. जनावर आत येऊ द्यायचं न्हाई. गवत आपलं आपण येतं. ते धरून ठेवलं की माती थांबते. झाडाचं मंग पाहू."

कोणीतरी मागून म्हणालं, "काहीच न करण्याची समिती असेल तर मला घ्या." सगळे हसले. गाडेकरांनी त्याचं नाव खरंच लिहून घेतलं.

काहीच न करणं अवघड होतं. त्या टेकडीवर शेजारच्या वस्तीतली मेंढरं चरायची, आणि ती मेंढरं गाडेकरांच्या नात्यातल्यांची होती. त्यांच्या द्वारकाआत्याचा वाडगा, म्हणजे मेंढरं कोंडायचं कुंपण, टेकडीच्या पायथ्याशी. गाडेकर मला बरोबर घेऊन गेले, म्हणाले, प्राचार्य दिसले म्हणजे आत्या जरा कमी बोलेल. तसं काही झालं नाही.

"भान्या, तू शिकला अन् पहिलं दार आमच्याच मेंढरायच्या तोंडावर लावून राह्यला?" आत्या म्हणाली. "हे तुझे साहेब का?"

"साहेबच हायेत."

"मंग साहेबाला सांग, साहेबाच्या घरी किती खाणारी तोंडं हायेत. माझ्याकडं येऊन मोज म्हणावं."

गाडेकर जमिनीवर बसले. त्यांनी आत्याला सांगितलं की पाऊस पडल्यापासून गवत कापून होईपर्यंत मेंढरू टेकडीवर चढवायचं नाही. बी पिकून खाली पडलं की गवत कापायचं, आणि कापलेलं सगळं वस्तीवर द्यायचं. उन्हाळ्यात, जेव्हा कुठेच काही नसतं, तेव्हा आत्याच्या वाडग्यात पेंढ्या असतील. "कापील कोण?" आत्यानं विचारलं. "कालिजवाले." आत्या माझ्या पँटच्या इस्त्रीकडे पाहून बराच वेळ हसत राहिली. पण तिनं हो म्हटलं. भाच्याच्या शब्दावर म्हटलं, कॉलेजच्या नाही.

राखण कोणी करायची, हे गाडेकरांनी ज्या रीतीनं ठरवलं ते मला आजही अचंबित करतं. आमची बहुतेक मुलं खेड्यांवरून बसने येतात. तास दुपारीच संपतात, आणि पिंपळगाव रेणुकाईकडची बस यायला संध्याकाळ होते. मधला वेळ मुलं स्टँडवर, टपरीवर, भिंतीवर बसून काढत. गाडेकरांनी बसचं वेळापत्रक घेतलं आणि त्यावरून पाळ्या लावल्या. ज्यांची बस उशिरा, त्यांनी टेकडीवर बसायचं. अभ्यास करा, गप्पा मारा, झोपा. मेंढरू किंवा म्हैस आली तर उठायचं. मुलींना तर ही जागा स्टँडपेक्षा कितीतरी बरी वाटली. सविता त्यातलीच. ती पुढे पाळ्यांची प्रमुख झाली, आणि तिचा दरारा असा की एकदा संस्थेच्या एका सभासदाची म्हैस तिनं थेट माझ्या केबिनच्या दारात आणून उभी केली.

"सर, ही आत चरून राह्यली होती," सविता म्हणाली. "मालक म्हणतो, मी संस्थेचा माणूस आहे."

"मग मी काय करू?"

"गाडेकर सरांनी सांगितलं, संस्थेची म्हैस असली तर प्राचार्यांकडं द्यायची."

पहिल्या पावसाळ्यात टेकडीवर खुरटं काहीतरी उगवलं. दुसऱ्या पावसाळ्यात गुडघ्याएवढं पवन्या आणि मारवेल गवत आलं, मागच्या वर्गात पाणी शिरलं नाही, आणि मार्गशीर्षात सगळं कॉलेज विळे घेऊन टेकडीवर चढलं. ग्रंथपाल, लेखनिक, गणिताचे प्राध्यापक, सगळे. गाडेकर छत्री तशीच मानेमागे टाकून ओरडत फिरत होते, "मुळापासून उपटू नका, दाढी करायची हाय, चामडं न्हाई काढायचं." लेखनिकाच्या मोज्यांत कुसळं इतकी भरली की त्यांनी मोजे तिथेच सोडून दिले. पेंढ्या वस्तीवर गेल्या तेव्हा द्वारकाआत्यानं मला दूध प्यायला बोलावलं. साहेब म्हणाली नाही, "या भाऊ," म्हणाली.

तिसऱ्या वर्षी कॉलेजचं मूल्यांकन करणारी कमिटी यायची होती.

ज्यांनी कॉलेजात काम केलं आहे त्यांना हे दिवस ठाऊक असतात. भिंती रंगतात, फलक नवे होतात, कधी न भेटणारे माजी विद्यार्थी फोन करून बोलावले जातात. कमिटी हिरव्या आवारालाही गुण देणार होती. सचिव एका सकाळी माझ्याबरोबर मागच्या बाजूला आले. हिवाळ्याचे दिवस. गवत कमरेला लागत होतं आणि पिकून पिवळं झालं होतं. कापणीला थोडेच दिवस राहिले होते.

"हे काय माजवून ठेवलंय?" सचिव म्हणाले. "कमिटी हिरवं पाहायला येऊन राह्यली अन् तुम्ही वाळलेलं दाखवता? एखादा साप निघाला तर काय करता? जल्दी साफ करा. रोपं लावा, लॉन टाका. खर्चा संस्था पाहून घेईल."

मला गवताची गोष्ट माहीत होती. मी दोन वर्षं ती डोळ्यांनी पाहिली होती. बी अजून सगळं पडलं नव्हतं, वस्तीचा वर्षाचा चारा त्यात उभा होता, हे मला सचिवांना सांगता आलं असतं. मी "बरं" म्हणालो. माझी निवृत्ती जवळ आली होती आणि चांगली श्रेणी घेऊन निवृत्त व्हावं, एवढं एकच त्या दिवसांत माझ्या डोक्यात होतं.

गाडेकर त्या आठवड्यात परीक्षेच्या कामासाठी परतूर तालुक्यात आष्टीला गेले होते. मला ते सोयीचं वाटलं, हेही लिहितो. जेसीबी आला तेव्हा टेकडीवर सविताची पाळी होती. ती आणि आणखी काही मुलंमुली यंत्रापुढे जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरून बिडी पेटवून बसला. मला बोलावणं आलं.

"सर, गाडेकर सर आल्याशिवाय आम्ही हलणार न्हाई," सविता म्हणाली.

"त्यांना विचारूनच चाललंय," मी म्हणालो.

"फोन लावू का त्यांना?"

"परीक्षेच्या हॉलमध्ये फोन बंद असतो. माझं रात्रीच बोलणं झालं. त्यांनीच सांगितलं, कमिटीपुरतं साफ करून घ्या म्हणून."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग बाजूला झाली. माझ्यावरच्या विश्वासानं ती कधीच हटली नसती. गाडेकरांचं नाव घेतलं म्हणून हटली.

संध्याकाळपर्यंत टेकडी खरवडून निघाली. गवत, माती, बी, सगळं मागच्या भिंतीशी ढीग करून लोटलं. पुढच्या दोन दिवसांत तिथे नर्सरीतून आणलेले पाम रांगेत उभे राहिले आणि त्यांच्यामध्ये लॉनच्या पट्ट्या अंथरल्या. हिरवं दिसण्यासाठी आम्ही गवत काढलं आणि गवत विकत आणून अंथरलं. त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाही यात काही विचित्र वाटलं नाही.

गाडेकर परत आले ते बसमधून उतरून सरळ माझ्याकडे. बहुतेक वाटेतच त्यांना कळलं होतं. ते ओरडतील अशी माझी तयारी होती.

"सर, पोरं म्हणून राह्यली की मीच हो म्हणलो."

मी समोरची फाईल सरळ केली. "गाडेकर, कमिटी तोंडावर आहे. कमिटी मुलांशी एकटं बोलते. आता जर मुलांना कळलं..."

"बराबर," ते म्हणाले. "पोरं कमिटीपुढं बोलतील. कालिज बसंल खाली." त्यांनी छत्री खांद्यावरून काढून हातात घेतली. "न्हाई सांगत मी. राहू द्या माझ्या नावावर. पण कमिटी गेली की दुसऱ्या दिवशी तुम्ही पोरांना बोलवा अन् काय झालं ते सांगा. मी सांगितलं तर ते रडगाणं होईल. तुम्ही सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

कमिटी आली. मुलं गप्प राहिली. श्रेणी चांगली मिळाली आणि हिरव्या आवाराचा अहवालात वेगळा उल्लेख झाला. दुसऱ्या दिवशी संस्थेनं माझा सत्कार ठेवला होता, त्यामुळे तो दिवस गेला. मग परीक्षा आल्या. मग सविताची तुकडी बाहेर पडली, आणि आता सांगायचं कोणाला, असं मी स्वतःला समजावलं. गाडेकरांनी मला आठवण कधीच करून दिली नाही. कॉरिडॉरमध्ये भेटले की ते नेहमीसारखे बोलत, तेच मला अवघड जाई.

मुलं त्यांना काही दिवस जेसीबी सर म्हणत होती. ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. सविता त्यांना तोंडावर म्हणाली होती, "सर, तुम्ही आमच्याकडून राखण करून घेतली अन् मोडली तुम्हीच." लेखनिकांनी हे मला सांगितलं. गाडेकर तिला एवढंच म्हणाले म्हणे, "राग धर, पण बसची वाट टेकडीवरच पाहत जा." ती आली नाही. त्या वर्षी आत्याच्या वाडग्यात त्यांनी आपल्या शेतातला कडबा नेऊन टाकला. आत्या त्यांच्याशी बोलली नाही, पण कडबा घेतला.

पुढे जे झालं ते मात्र मला मनापासून आनंद देतं. उन्हाळा लागताच पाम वाळायला लागले. गाडेकरांनी भिंतीशी पडलेला मातीचा ढीग हातानं उकरून पाहिला, त्यात बी होतं. जूनमध्ये नव्यानं आलेली पहिल्या वर्षाची मुलं, ज्यांना आधीचं काही माहीत नव्हतं, त्यांना घेऊन त्यांनी घमेल्यांनी ती माती परत टेकडीवर पसरली. ज्यानं काहीच न करण्याच्या समितीत नाव दिलं होतं तो प्राध्यापकही घमेलं घेऊन आला. पाऊस झाला. गवत आलं, आधी पातळ, मग दरवर्षी दाट. पुढच्या प्राचार्यांनी टेकडीला हात लावला नाही. पिंपळगावच्या मुलांनी आपल्या गावाजवळचा माळ राखायला घेतला, तिथेही बसच्या वेळेवर पाळ्या लागल्या. टेकडीवर लावे आले, टिटव्या अंडी घालू लागल्या. गवताच्या आडोशानं हिवराची रोपं आपोआप उगवली, आता ती डोक्याच्या वर गेली आहेत. सविता शिकून त्याच कॉलेजात परत आली आणि पहिल्याच वर्षी पाळ्यांचं काम तिनं मागून घेतलं. गाडेकर तेव्हा निवृत्त झाले होते, पण टेकडीवर येत. दोघं एकत्र काम करू लागली. ती त्यांना माफ करून आली होती, आणि त्यांनी ती माफी घेतली. जे केलंच नाही त्याची.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दोन वर्षांपूर्वी, गवत कापायच्या दिवशी. मी भोकरदनहून मुद्दाम गेलो. त्या दिवशी सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. टेकडी मुलांनी भरली होती. रुमाल बांधलेल्या प्राध्यापिका, नवा ग्रंथपाल, वस्तीवरच्या बाया, सगळ्यांचे विळे चालू होते. गाडेकरांचे गुडघे गेले होते. ते एका कडेला पाय पसरून बसले होते आणि लोक आणून टाकतील त्या गवताच्या पेंढ्या बांधत होते.

"या सर. बसा. बांधता येती का पेंढी?"

मी बसलो. त्यांनी बांधायला गवताचाच बंध कसा पिळायचा ते दाखवलं. माझी पेंढी सुटली, त्यांनी ती परत बांधली. मी पुढचं गवत ओढून घेतलं. मग मी म्हणालो, "गाडेकर, त्या वेळचं..."

"कोणत्या वेळचं?"

तेवढ्यात सविता दोघांसाठी चहा घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली. ती समोर होती, ते समोर होते. याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती, आणि ते मला त्याच क्षणी कळलं. गाडेकरांचे हात पेंढीवर थांबले. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. ते वाट पाहत होते.

"त्या वेळचं गवत एवढं उंच नव्हतं," मी म्हणालो.

"न्हाई," ते म्हणाले. "एवढं नव्हतं." आणि त्यांनी पेंढीची गाठ ओढून घट्ट केली.

मला जे बोलायचं होतं ते मी बसमध्ये मनाशी घोकून गेलो होतो. ते असं होतं. सविता, जरा बस. जेसीबी मी आणला. गाडेकर सर आष्टीला होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. तुम्ही यंत्रापुढून हलावं म्हणून मी त्यांचं नाव घेतलं. त्यांनी ते कॉलेजसाठी स्वतःवर घेतलं, आणि खरं सांगायचं काम माझ्यावर सोपवलं. मी ते केलं नाही. गाडेकर, मी तुमचा गुन्हेगार आहे. मला माफ करा.